गोधडीच्या फोटोखाली शिवणाऱ्याचे नाव छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मध्यंतरी एका गोधडीचा पानभर रंगीत फोटो आला होता. फोटो सुरेख होता. कोपऱ्यात बारीक टायपात छायाचित्रकाराचे नाव होते, ते असायलाच हवे. शेजारच्या मजकुरात आजी, माया, ऊब, आठवणींचे धागे असे सगळे नेहमीचे शब्द येऊन गेले. फक्त गोधडी कोणी शिवली, केवढी आहे, कशाची आहे, आत थर किती आहेत, याबद्दल अवाक्षर नव्हते. एखाद्या पेंटिंगचा फोटो छापताना चित्रकाराचे नाव आपण असे गाळले असते का? म्हणून हे पत्र. जरा लांबले आहे. काटछाट करायची तर खुशाल करा, पण मापे तेवढी कापू नका.

मी पेशाने टर्नर. सगळी नोकरी लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर गेली. निवृत्तीची काहीतरी खूण घरात असावी असे मनात होते, आणि विकत आणलेल्या वस्तूत मला गोडी वाटत नाही. कामावरचे निळे शर्ट कपाटात पडून होते. ते कोणाला देण्याजोगे नव्हते आणि फरशी पुसायला घ्यायला माझा जीव होत नव्हता. तेव्हा ठरवले की यांचीच गोधडी शिवायची, आणि ती आपण स्वतः शिवायची. आमच्या घरात तोवर गोधडी शिवणारी एकच, माझी थोरली बहीण. ताईला फोन करून सांगितले तर ती म्हणाली, “शीव की. सुई काय बाई-पुरुष बघते होय!”

शर्टांची निवड करतानाच अर्धे शर्ट बाद झाले. मधल्या काही वर्षांत आम्हाला टेरिकॉटचे, म्हणजे पॉलिस्टर मिसळलेल्या कापडाचे शर्ट मिळायचे. टेरिकॉट आटत नाही, सुती कापड आटते. दोन्ही शेजारी शेजारी जोडली की पहिल्या धुण्यातच सुती बाजू आकसते आणि टेरिकॉटला फुगे येतात. शिवाय इस्त्री थोडी जास्त तापली की ते चकाकते, आणि ती चकाकी मग जात नाही. म्हणून जाड सुती ड्रिलचे शर्ट तेवढे ठेवले. त्यांना जोड म्हणून मुलीचे लहानपणचे फ्रॉक घेतले. फ्रॉकचे कापड विरलेले आणि ड्रिल दणकट. असे दोन तुकडे जोडले की ओढ बसल्यावर फाटतो तो पातळ तुकडा, आणि तोही शिवणीला लागूनच. म्हणून फ्रॉकच्या प्रत्येक तुकड्यामागे मलमलीचा तेवढाच तुकडा लावून मगच तो वापरला. हे वरून कोणाला दिसत नाही. फोटोत तर नाहीच नाही.

एका शर्टाचा खिसा मात्र उसवला नाही, तो चौकोनात तसाच घेतला. त्या खिशात माझी सहा इंची पोलादी पट्टी असायची. पट्टीचे टोक रोज एकाच जागी टेकून खिशाचा तळ झिजला आहे, तिथे निळा रंग जाऊन आडवी पांढरी रेघ उमटली आहे. त्या रेघेमागे आतून कापडाची पट्टी लावून घेतली, नाहीतर ती जागा पहिल्या वर्षीच गेली असती. आमच्या मंडळींचे म्हणणे, “अहो, एवढा चांगला भाग सोडून नेमका झिजका घेतलात!” घेतला खरा.

आता मापे. तयार चौकोन सहा इंचांचा ठेवला. शिवणीसाठी चारी बाजूंना दोन-दोन सूत सोडायचे (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे कापायचा साडेसहा इंचांचा. आडव्या ओळीत बारा चौकोन, म्हणजे रुंदी ७२ इंच. अशा पंधरा ओळी, म्हणजे लांबी ९० इंच. एकूण १८० चौकोन. ऐकायला सोपे आहे. आता पुढचा हिशेब पाहा. बारा चौकोनांत जोड अकरा. शिवण दोन सुतांऐवजी अडीच सुतांवर पडली, तर प्रत्येक जोडात दोन्हीकडचे मिळून एक सूत कमी होते. अकरा जोडांत अकरा सूत, म्हणजे सव्वा इंचाच्या वर आणखी एक सूत. अर्धे सूत म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर, एका जोडात ते डोळ्याला दिसतही नाही. पण ही आखूड ओळ बरोबर शिवलेल्या ओळीला जोडायला घेतली की चौकोनांचे कोपरे एकमेकांना भेटत नाहीत. मग ओढाताण होते, आणि ओढून बसवलेले कापड पुढे कधीतरी त्याचा वचपा काढतेच.

लेथवर चूक झाली की जॉब, म्हणजे यंत्रावर लावलेला तुकडा, बाद होतो आणि तिथल्या तिथे कळते. कापड तसे नाही, ते सगळे मुकाट सहन करते आणि शेवटच्या ओळीला हिशेब मांडते. शिवाय पोलाद मोजताना हलत नाही. कापड उभ्या धाग्याच्या दिशेने जवळजवळ ताणत नाही, आडव्या दिशेने थोडे ताणते, आणि तिरके धरले की हवे तेवढे येते. म्हणजे कैची जरा तिरकी चालली तर साडेसहा इंचांचा चौकोन नुसत्या हाताळण्याने पावणेसात इंचांचा होऊन बसतो. मी ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा एक चौकोन कापून घेतला, कडा कानशीने घासल्या, गुण्या लावून पाहिला आणि दोन्ही कर्ण मोजले. कर्ण सारखे आले तरच चौकोन काटकोनी असतो, नाहीतर बाजू समान असूनही तो कलंडलेला असू शकतो. मग तो पत्रा कापडावर ठेवून, उभ्या धाग्याशी जुळवून, पेन्सिलीने आखणी केली. मायक्रोमीटर काढला नव्हता. घरात तशी अफवा आहे, म्हणून खुलासा केला.

जोडकाम झाल्यावर शिवणी दाबायच्या असतात. इस्त्री कापडावर फिरवायची नाही, उचलून ठेवायची, फिरवली की तुकडा ताणतो. एका ओळीतल्या सगळ्या शिवणी उजवीकडे वळवायच्या, खालच्या ओळीतल्या डावीकडे. मग दोन ओळी समोरासमोर धरल्या की दोन्हीकडची जाडी एकमेकींना अडते आणि कोपरा आपोआप जागेवर बसतो. डोळे मिटून बोटांच्या टोकांनी चाचपले तरी कळते. ही युक्ती मला ताईने फोनवर सांगितली आणि मी थक्क झालो. आमच्या खात्यात एवढ्या कामासाठी कोणीतरी फिक्स्चरचे, म्हणजे तुकडा जागेवर धरून ठेवणाऱ्या साधनाचे ड्रॉइंग मागवले असते. ताईने ती कुठल्या वर्गात शिकलेली नाही. तिला ती कोणी दाखवली हेही तिला आठवत नाही. ज्या कोणी पहिल्यांदा हे शोधून काढले, तिचे नाव कुठेही नाही.

अस्तराला नवे सुती कापड घेतले, तर कापण्याआधी ते धुवायचे. सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण तीन ते पाच टक्के आटते. ७२ इंचांत चार टक्के म्हणजे जवळजवळ तीन इंच. वरचा भाग जुन्या, धुऊन धुऊन आटून बसलेल्या कापडाचा आणि अस्तर नवे कोरे, तर पहिल्या धुण्यानंतर गोधडी एका बाजूला वळते. गडद रंगाचे कापड असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहायचे. फडक्याला रंग लागला तर ते कापड अजून धुवायला हवे.

मध्ये मी कापूस घातला नाही, जुन्या मऊ सुती चादरी घातल्या. कापूस घातला तर टाक्यांच्या ओळी जवळजवळ घ्याव्या लागतात, नाहीतर तो सरकून गोळा होतो. चादरींना ती भीती नाही, पण वजन वाढते आणि सुई चालवायला बोटांना जोर लागतो. तिन्ही थर जमिनीवर पसरून मध्यापासून कडेकडे कच्चे टाके घातले. कडेपासून सुरुवात केली तर सुरकुती मध्यात येऊन अडकते आणि तिला बाहेर जायला वाट राहत नाही. या कामात गुडघ्यांचे जे होते ते मी सांगत बसत नाही.

मग खरा धावदोरा. सुई आखूड घ्यायची. लांब सुई जाड थरांत वाकते. दोरा हातभरच घ्यायचा, मेणावरून ओढायचा आणि गाठ थराच्या आत ओढून लपवायची. वरचा हात सुई चालवतो, पण टाका ठरवतो तो खालचा हात. कापडाखाली धरलेल्या बोटाला सुईचे टोक जरा कुठे टोचले की त्याच क्षणी सुई वर वळवायची. उशीर झाला तर टाका लांब पडतो, आणि घाई झाली तर सुई खालच्या थरात पोचतच नाही. मग वरून ओळ नीट दिसते आणि पाठीवर टाका गायब असतो. त्या बोटाला घट्टा पडेपर्यंत हात बसत नाही. सुई ढकलायला मधल्या बोटात अंगुस्तान लागते. ते मी एका ओळखीच्या वर्कशॉपात पितळेचे करून घेतले. म्हणजे मीच केले, लेथ त्यांचा होता. वरच्या बाजूला बारीक नर्लिंग, म्हणजे खरखरीत खाचा काढल्या, त्यामुळे सुईचे डोके घसरत नाही. एवढ्या खटपटीत तेवढी एकच वस्तू अशी झाली की जिच्याबद्दल ताईने “मलाही एक कर” असे म्हटले.

जाणकार मंडळी एका इंचात किती टाके आले ते मोजतात. तीन थरांत आठ-दहा आले तर हात चांगला समजतात. माझ्या ड्रिलमधून तेवढे येणे शक्य नव्हते, फ्रॉकच्या चौकोनांत आले.

गोधडी झाली तेव्हा ताईने वरचा भाग पाहिलाही नाही. “पाठ दाखव,” म्हणाली. पाठीवर तळवा फिरवला, एका कोपऱ्यात थांबली, कडेचा गोट दोन बोटांत धरून ओढून पाहिला. “टाके सारखे आहेत. पण दोरा आवळलास फार. दोन धुण्यांनंतर काय ते कळेल.” मायेबद्दल, उबेबद्दल ती एक शब्द बोलली नाही. आपल्या पुरवणीतल्या मजकुरात आणि ताईच्या त्या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेच माझे म्हणणे आहे. जी शिवते ती कामाबद्दल बोलते. बघणारे मायेबद्दल बोलतात. माया असतेच, पण मायेने शिवण दोन सुतांवर पडत नाही, हाताने पडते. आणि ‘अनमोल’ हा शब्द तर मला संशयास्पदच वाटतो. ज्याचे मोल करायचे नाही, माप घ्यायचे नाही आणि करणाऱ्याचे नाव विचारायचे नाही, त्याला अनमोल म्हटले की मोकळे.

नाव राहून जाण्याची गोष्ट फक्त आपल्या पुरवणीची नाही. मुलीने मला मोबाइलवर वस्तुसंग्रहालयांतल्या गोधड्या दाखवल्या, तेव्हापासून मला तो नादच लागला आहे. कॅनबेरामध्ये नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियात एक गोधडी आहे. १८४१ साली ‘राजा’ नावाच्या जहाजातून ब्रिटनमधल्या शिक्षा झालेल्या बायकांना आजच्या टास्मानियाला पाठवले होते, त्यांनी ती प्रवासात शिवली. २,८१५ तुकडे आहेत तिच्यात, तेही हलत्या बोटीवर जोडलेले! गोधडीवर धाग्याने मजकूर भरला आहे. ज्यांनी सुई-दोरा आणि कापड पुरवले त्या समितीतल्या स्त्रियांचे आभार आहेत, जहाजाचे नाव आहे, जून १८४१ असा महिना आणि साल आहे. शिवणाऱ्यांबद्दल एवढेच, की त्या जहाजावरच्या कैदी. कोणी कुठला तुकडा जोडला ते कळायला मार्ग नाही.

याच्या उलट गोष्ट चांगीची. १९४२ साली सिंगापूर जपान्यांच्या ताब्यात गेल्यावर तिथल्या परक्या नागरिकांना चांगीच्या तुरुंगात डांबले, बायका एकीकडे आणि पुरुष दुसरीकडे. पलीकडे नवरा जिवंत आहे की नाही हे बाईला कळत नव्हते आणि नवऱ्याला बाईचे. तेव्हा त्या बायकांनी गोधड्या केल्या. तीन गोधड्या, प्रत्येकीत ६६ चौकोन. प्रत्येक बाईने आपल्या चौकोनावर स्वतःचे असे काहीतरी भरायचे आणि नाव घालायचे. गोधड्या रुग्णालयातल्या जखमींसाठी म्हणून पाठवायच्या, त्याला जपानी अधिकाऱ्यांची हरकत नव्हती. पण ज्याने ती पाहिली त्याने चित्रे नंतर पाहिली असतील, आधी नाव शोधले असेल. त्यातल्या दोन गोधड्या आज ऑस्ट्रेलियाच्या युद्धस्मारकात आहेत. एक ब्रिटिश रेडक्रॉसकडे आहे.

तिसरी गोष्ट हॅरिएट पॉवर्स यांची. अमेरिकेत, जॉर्जियात, गुलामीत जन्मलेल्या या बाईने बायबलमधल्या प्रसंगांची गोधडी शिवली. ती १८८६ साली एका कापूस मेळाव्यात मांडली होती. जेनी स्मिथ नावाच्या चित्रकलेच्या शिक्षिकेने ती पाहिली, पुढे विकत घेतली, आणि प्रत्येक चौकटीत काय दाखवले आहे ते पॉवर्सबाईंच्या तोंडून ऐकून लिहून ठेवले. आज ती गोधडी अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि तिच्या अकरा चौकटींत काय आहे हे आपल्याला शिवणारीच्या सांगण्यावरून कळते. कोणीतरी विचारले, म्हणून.

हे सगळे ताईला सांगितले. ती म्हणाली, “नाव कशाला? अंगावर घ्यायची की वाचायची? आणि ज्याला देतो त्याला माहीत असतंच.” पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. दुसरा मुद्दा मात्र मला मान्य नाही. ज्याला दिली त्याला माहीत असते, त्याच्या पोरांना नसते. ताईने शिवलेली एक गोधडी एका नातेवाइकांकडे मी इस्त्रीच्या टेबलावर घातलेली पाहिली. कोणाची म्हणून विचारले, तर घरातल्या सूनबाई म्हणाल्या, “होती कुठलीतरी जुनी.” त्यांचा यात काय दोष? त्यांना कळणार कुठून? आमच्याकडे प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात चौकट असते. काढले कोणी, तपासले कोणी, तारीख, माप, मटेरियल. ते कोणाच्या मोठेपणासाठी नसते. ज्या जॉबवर नंबर नाही, तो चांगला असला तरी भंगारात जातो, इतके साधे आहे ते.

माझ्या गोधडीच्या पाठीला मी तशीच चौकट लावली आहे. सुती पट्टीवर दोऱ्याने अक्षरे भरली. नाव, निवृत्तीचे साल, गोधडीचे माप, वरचे कापड, मधले थर, अस्तर, आणि ‘गार पाण्यात धुवावी, सावलीत वाळवावी’. पेनने लिहिले नाही, कारण बॉलपेनची शाई पसरते. एकोणिसाव्या शतकात काही जणी लोहयुक्त शाईने गोधड्यांवर सह्या करत. त्या शाईने अक्षराखालचे कापडच खाल्ले, आणि आज काही ठिकाणी नावाच्या जागी नावाच्याच आकाराची भोके आहेत. दुसरी गोष्ट, पट्टी शेवटी चिकटवल्यासारखी लावू नका. आधी अस्तराला लावा, मग थर एकत्र करा, म्हणजे धावदोरा पट्टीवरूनही जातो आणि ती काढायची तर सगळी ओळ उसवावी लागते. कोणी एवढे कष्ट घेत नाही.

तेव्हा संपादक महोदय, मागणे एवढेच. यापुढे गोधडीचा फोटो छापाल तेव्हा खाली चार गोष्टी छापा: शिवणाऱ्याचे नाव, लांबी-रुंदी, कापड, आणि साल. कवितेच्या दोन ओळी गाळल्या तर जागा होईल. नाव मिळाले नाही तर तसे लिहा, ‘शिवणारी अज्ञात’. हे दोन शब्द चार वेळा छापून आले की पाचव्या वेळी तुमचा वार्ताहर घरातल्या माणसांना विचारूनच येईल. आणि कोणी स्वतःच्या निवृत्तीची, साठीची, मुलीच्या पदवीची, आजारातून उठल्याची म्हणून गोधडी शिवली असेल, तर त्याला भावना विचारायच्या आधी मधले थर किती आहेत ते विचारा. भावना त्या उत्तरात आपोआप येतील, असा माझा अनुभव आहे. निदान माझ्या तरी आल्या.

सोबत फोटो पाठवत आहे, दोन्ही बाजूंचे. पाठीचा फोटो छापलात तर अधिक बरे. नाव-पत्ता वेगळ्या कागदावर दिला आहे. पत्राखाली ‘एक निवृत्त टर्नर’ एवढेच पुरे, पत्र काय कोणीही लिहील. नाव गोधडीखाली छापा.

आपला,
एक निवृत्त टर्नर

ता. क. ताईच्या हातच्या गोधड्या ज्यांच्या ज्यांच्याकडे आहेत त्यांची यादी करायला घेतली आहे. जाऊन प्रत्येकीच्या पाठीला तिच्या नावाची पट्टी लावायचा विचार आहे. त्यातली एक इस्त्रीच्या टेबलावरून सोडवून आणली. ताईची परवानगी अजून मिळालेली नाही. “लावायचीच तर टाका बारीक घाल,” एवढे मात्र म्हणाली आहे.